वहिवाटीचा किनारा

ऑरेगन राज्याचा समुद्रकिनारा पाहायचा तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. दक्षिणेला तोंड करून निघालं की समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि समोरून येणाऱ्या गाड्यांची वाट न बघता मनात येईल त्या थांब्यावर वळता येतं. १०१ क्रमांकाचा महामार्ग ॲस्टोरियापाशी कोलंबिया नदी ओलांडून राज्यात शिरतो आणि ब्रुकिंग्ज सोडलं की कॅलिफोर्नियात जातो. मधलं अंतर ३६३ मैल, म्हणजे साधारण ५८५ किलोमीटर. पहाटे निघून रात्रीपर्यंत एवढा रस्ता उरकणारे लोक आहेत. आम्ही उरकायला निघालो नव्हतो. सप्टेंबर होता, शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरली होती, आणि आम्हा दोघांनाही कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं.

ह्यांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यातली बरीचशी रत्नागिरी-सिंधुदुर्गात. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे निघण्यापूर्वीच आमच्यात वाटणी झाली. पूल ह्यांचे, झाडं माझी. पूल दिसेल तिथे हे गाडी थांबवणार आणि मी कुरकुर करायची नाही. मी रानात शिरले तर ह्यांनी घड्याळ बघायचं नाही. समुद्र सामाईक. पोर्टलंडला राहणाऱ्या लेकीने तिची गाडी दिली, मागच्या सीटवर मेतकूट-भाताची सोय लावून दिली आणि वर बजावलं, “बाबा, तिकडे डोंगरात मोबाइलला रेंज नसते. पूल बघत उभे राहा, पण गाडी कडेला घेऊन.”

ॲस्टोरिया हे डोंगरउतारावर चढत गेलेलं जुनं बंदर. १८११ साली जॉन जेकब ॲस्टरच्या फरच्या कंपनीने इथे ठाणं घातलं, त्यावरून गावाचं नाव पडलं. नदीवरचा पूल १९६६ साली खुला झाला. त्याची लांबी ६.६ किलोमीटर आहे, यावरून कोलंबियाच्या मुखाची कल्पना यावी. हे पुलाखाली मान वर करून उभे राहिले आणि मी गावात एका वेगळ्याच गोष्टीच्या मागावर गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या हॅमंड लाकूड गिरणीत पंजाबातून आलेले मजूर कामाला होते. १९१३ साली ते आणि आसपासच्या गिरण्यांतले त्यांचे भाऊबंद फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात जमले. इंग्रजांना हत्यारानेच हाकलायचं, असं ठरवणाऱ्या गदर पक्षाची मुळं त्या बैठकीत आहेत. सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले. लाला हरदयाळ बरोबर होते. शताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, गावाने त्याची आठवण म्हणून फलक लावला.

या मंडळींत आपलीही माणसं होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या सुमारास याच राज्यात, कॉर्व्हॅलिसच्या शेतकी महाविद्यालयात शिकत होते आणि गदरच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुढे त्यांनी मेक्सिकोत मक्यावर केलेलं संशोधन आणि दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात काढलेली त्यांची छबी हे मराठी वाचकाला वीणा गवाणकरांनी लिहिलेल्या चरित्रातून माहीत आहे. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे उत्तरेला सिॲटलला होते. गदरसाठी ते हिंदुस्थानात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात करतारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. जी रानं बघायला मी एवढी आसुसले होते, त्यांतलीच झाडं चिरून हे लोक पोट भरत होते आणि शिलकीतला पैसा उठावासाठी देत होते. पुलाखाली परतले तर हे म्हणाले, “काय मिळालं?” मी म्हटलं, “वर्धा.”

ॲस्टोरियाच्या पश्चिमेला, फोर्ट स्टीव्हन्सच्या पुळणीवर ‘पीटर आयरडेल’ या शिडाच्या जहाजाचा सांगाडा आहे. मेक्सिकोहून गहू भरायला पोर्टलंडकडे निघालेलं हे जहाज १९०६ च्या ऑक्टोबरात वाळूत रुतलं. माणसं सगळी वाचली. गंजलेल्या फासळ्यांमधून पोरं पळापळी खेळतात. जवळच फोर्ट क्लॅटसॉपला लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६ चा हिवाळा काढला. मुक्कामाच्या १०६ दिवसांतले फक्त १२ दिवस पावसाविना गेले म्हणे. कोकणात चार महिने धो-धो पावसात साइट सांभाळलेल्या माणसाला याचं कौतुक नव्हतं. “पण आपला निदान दसऱ्याला जातो,” एवढं मात्र त्यांनी कबूल केलं. मला त्या आकड्यात रानाचं उत्तर मिळालं. हिवाळाभर पाऊस, उन्हाळाभर समुद्रावरून येणारं धुकं, कडाका नाही की होरपळ नाही. अशा हवेत सूचिपर्णी वृक्ष शेकडो वर्षं नुसते वाढतच राहतात.

कॅनन बीचला आम्ही ओहोटीची वेळ साधून पोचलो. हेस्टॅक रॉक हा २३५ फूट उंचीचा काळा सुळका भरतीला पाण्यात असतो, ओहोटीला त्याच्या पायथ्याशी चालत जाता येतं. हे एका सुट्या धोंड्यावर हात ठेवून म्हणाले, “अगं, हा तर आपलाच काळा पाषाण.” होताच. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी बरंच पूर्वेला जमिनीला भेगा पडून लाव्हा उसळला आणि कोलंबियाच्या खोऱ्याने वाहत समुद्रापर्यंत आला. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याहून कितीतरी थोराड, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण घडण तीच. पायथ्याच्या डबक्यांत हिरवीगार समुद्रफुलं पाकळ्या पसरून बसली होती. दगडांच्या पोटाला जांभळे आणि नारिंगी तारामासे घट्ट चिकटले होते. शिंपल्यांवर पाय पडू नये म्हणून स्वयंसेवक लोकांना वाळूवरूनच बघायला सांगत होते. डबक्यांतल्या प्रत्येक जिवाची माहिती द्यायला ते तयार होते. विणीला येणारे पफिन पक्षी मात्र ऑगस्टअखेर समुद्रावर निघून गेले होते.

या पुळणीवर नजर जाईल तिथवर एकही कुंपण नाही. मागे बंगले आहेत, हॉटेलं आहेत, त्यांच्या काचा समुद्राकडे आहेत, पण वाळूवर कुणाची खुर्ची राखीव नाही की ‘खासगी मालमत्ता’ची पाटी नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९१३ साली, म्हणजे ॲस्टोरियात गदरची बैठक झाली त्याच वर्षी, ऑस्वल्ड वेस्ट या गव्हर्नराने एक छोटंसं विधेयक मंजूर करून घेतलं. भरती-ओहोटीच्या मधली ओली वाळू हा सार्वजनिक महामार्ग आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्यात थापेबाजी नव्हती. पक्का रस्ता नव्हता तेव्हा टपालाच्या आणि प्रवाशांच्या घोडागाड्या ओहोटी बघून खरोखरच वाळूवरून जात. पण त्या एका ओळीने किनारा विक्रीतून वाचला.

राहिली कोरडी वाळू, भरतीच्या रेघेपासून झाडोऱ्यापर्यंतची. १९६६ साली कॅनन बीचच्या एका मोटेलमालकाने त्यावर अडसर घातला आणि ही जागा फक्त आमच्या पाहुण्यांसाठी, असं बजावायला सुरुवात केली. कागदोपत्री त्याचं चूक नव्हतं. राज्यभर ओरड झाली, विधेयक आलं, समितीत अडकलं. मग मे १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल मोजणीवाल्यांना घेऊन हेलिकॉप्टरने याच पुळणीवर उतरले आणि लोकांचा हक्क कुठवर असावा, ते वाळूत खुंट्या मारून दाखवलं. सगळे वार्ताहर हजर होते. जुलैत कायदा झाला. पुढे मोटेलचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला. कौलाचा पाया म्हणून त्यांनी इंग्रजी कायद्यातलं एक जुनंपुराणं तत्त्व काढलं. लोक पिढ्यान्पिढ्या, विनातक्रार, उघडपणे ही वाळू वापरत आलेत, तेव्हा ती त्यांची वहिवाट आहे.

हे वाचून ह्यांची कळी खुलली. पाणंदीच्या आणि बांधावरच्या वहिवाटीच्या वादापायी ह्यांच्या किती रस्त्यांची कामं अडून राहिली होती, याची मी साक्षीदार आहे. “वहिवाटीने रस्ता अडलेला बघितलाय,” हे म्हणाले, “अख्खा समुद्र सुटलेला पहिल्यांदाच बघतोय.” त्या दुपारी आम्ही कोणाचंही काही लागत नसताना त्या वाळूवर हात-पाय पसरून मेतकूट-भात खाल्ला.

पुढे नीअकानी डोंगराच्या कड्यात कोरलेला रस्ता लागतो, खाली समुद्र आणि वर रान. त्याआधीच्या रानाला ऑस्वल्ड वेस्टचंच नाव आहे. तिथे पहिल्यांदा मी सिट्का स्प्रूसच्या खाली मनसोक्त हिंडले. याच्या सुया बोटाला चांगल्या टोचतात, हेमलॉकच्या मऊ असतात; अंधाऱ्या रानात ओळखायची ही सोपी युक्ती. जमिनीवर गुडघ्याइतके नेचे, खोडांवर शेवाळ, फांद्यांवरून लोंबणाऱ्या दगडफुलाच्या करड्या जटा. ह्यांनी एक जट तोडली नाही, पण वास घेऊन बघितला आणि “मसाल्यात चालेल?” असं विचारलं. चालणार नाही, असं मी सांगितलं.

टिलामुक हे दूधदुभत्याचं खोरं. १९०९ साली स्थापन झालेल्या इथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचं चीज देशभर जातं आणि कारखाना काचेच्या सज्जातून बघायला मिळतो. सहकारी दूध संघ म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला भरून येणारच. माझं माहेर कोल्हापूर. आइस्क्रीम खाल्लं, वासाची गोकुळशी तुलना केली आणि निघालो. केप मेअर्सला बुंधा नसलेला स्प्रूस आहे. जमिनीतूनच जाड फांद्या आडव्या फुटून मग सरळ आभाळात गेल्या आहेत. नेस्कोविनच्या वाळूत ओहोटीला जुन्या स्प्रूसचे खुंट उघडे पडतात, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. किनारा अचानक खचून रान समुद्राखाली गेल्याची ही खूण. इथे समुद्रतळाचा एक पट्टा खंडाखाली सरकतो आहे. २६ जानेवारी १७०० च्या रात्री इथे सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची तारीख इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण त्याने उठवलेली त्सुनामी जपानच्या किनाऱ्यावर आदळली आणि तिथल्या लोकांनी ती लिहून ठेवली. म्हणून या रस्त्यावर दर थोड्या अंतराने निळ्या पाट्या दिसतात, धोक्याचा पट्टा सुरू, धोक्याचा पट्टा संपला, पळायचं ते या चढाने.

डेपो बेच्या चिमुकल्या बंदरावर कठड्याला टेकून उभं राहिलं की करड्या देवमाशांचे फवारे दिसतात. बाकीचे देवमासे मेक्सिकोच्या बाहा ते अलास्का अशी वर्षाला फेरी मारतात, पण काही उन्हाळाभर इथेच चरत राहतात. त्यांनी आम्हाला फार ताटकळत ठेवलं नाही. त्यानंतर ह्यांचा मुलूख सुरू झाला.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या किनाऱ्यावर जायचं तर दर मोठ्या खाडीशी तरीची वाट बघावी लागे. मंदीच्या काळात केंद्राच्या पैशातून एका दमात पाच मोठे पूल बांधले गेले आणि १९३६ पर्यंत रस्ता सलग झाला. सगळ्यांमागे एकच डोकं होतं, राज्याचे पूल अभियंते कॉन्डे मॅकलॉ. न्यूपोर्टच्या याक्विना खाडीवरचा पूल त्यांतला देखणा. मध्ये पोलादी कमान, दक्षिणेच्या अंगाला काँक्रीटच्या कमानी, टोकाला कलाकुसरीचे मनोरे, खाली उतरायला रुंद जिने. हे जिन्यावरून खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी गेले तर एका खांबाशी नाक लावून उभे. “जस्ताचा थर फवारलाय बघ काँक्रीटवर. त्यातून बारीक वीजप्रवाह सोडतात. खारं वारं सळईऐवजी जस्ताला खातं.” मग क्षणभर थांबून, “आपल्याकडे दाभोळला अजून फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला जातो आपण.” दाभोळच्या खाडीवरच्या पुलाच्या फायली त्यांनी पाहिल्या आहेत. त्या विषयावर मी पुढे काही विचारलं नाही.

न्यूपोर्टच्या धक्क्यावर लोक दोरीला जाळीचे पिंजरे बांधून खेकडे धरत होते. डंजनेस जातीचा खेकडा, पसरलेल्या तळव्यापेक्षा मोठा, तपकिरी-नारिंगी पाठीचा. एका आजोबांनी पिंजरा वर ओढला, आतले खेकडे एकेक करून उलटे केले. पोटावरची झडप रुंद म्हणजे मादी, ती लगेच पाण्यात. अरुंद म्हणजे नर, त्याच्या पाठीवर प्लास्टिकची फूटपट्टी. पावणेसहा इंचांच्या आतला असेल तर तोही पाण्यात. एवढा मोठा पिंजरा आणि शेवटी बादलीत एकच. मालवणात बायका कुर्ली उलटी करून हीच झडप बघतात, पण लाखेने भरलेली मादी त्यांना हवी असते. ह्यांनी आजोबांना खुणेने, मादी कशी चवीची असते ते समजावून सांगितलं. आजोबांनी खुणेनेच, दंड किती होईल ते समजावलं. संध्याकाळी आम्ही जवळच्या खाणावळीत एक उकडलेला खेकडा घेतला, सोबत वितळलेलं लोणी आणि लिंबू. गोडसर, रेषेदार, मसाल्याची गरज नसलेलं मांस. हे मान्य करायला ह्यांना अर्धा खेकडा लागला.

याहाट्सच्या दक्षिणेला केप पर्पेच्युआ हे भूशिर समुद्रातून ८०० फूट सरळ वर चढतं. १७७८ च्या मार्चमध्ये कॅप्टन कुकने समुद्रावरून पाहून संत पर्पेच्युआच्या दिवशी त्याला हे नाव दिलं. माथ्यावर १९३० च्या दशकात बेकार तरुणांच्या सरकारी पथकाने रचलेली दगडी ओसरी आहे. तिथून दोन्ही दिशांना रानाचे कडे आणि त्यांच्या पायांशी फुटणाऱ्या लाटा मैलोन्मैल दिसतात. खालच्या ओढ्याकाठी साडेपाचशे वर्षांहून जुना एक स्प्रूस आहे, १८५ फुटांहून उंच. त्याच्या मुळांखाली माणूस वाकून जाईल एवढी पोकळी आहे. रान दाट असलं की जमिनीवर बी रुजायला उजेड आणि जागा नसते. ते एखाद्या पडक्या ओंडक्यावर रुजतं, मुळं ओंडक्याला मिठी मारत जमिनीत उतरतात आणि शे-दोनशे वर्षांनी ओंडका कुजून नाहीसा झाला की त्याच्या आकाराची पोकळी तेवढी मुळांखाली राहते. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवत असे. इथे मी त्या पोकळीत हात घातला. आतली माती भुसभुशीत, लालसर, अजूनही लाकडाच्या धाग्याची होती.

याच डोंगरावरून एक पायवाट जाते, तिला अमांडाचं नाव आहे. १८५५ मध्ये सरकारने या किनाऱ्यावरच्या मूळ जमातींना सुमारे १०० मैल लांबीचा राखीव मुलूख नेमून दिला आणि दक्षिणेकडच्या लोकांनाही सैनिकांच्या पहाऱ्यात त्यात आणून कोंडलं. याहाट्सचं आजचं टुमदार गाव हे तेव्हाचं कोंडवाड्याचं ठाणं. पळून आपापल्या गावी गेलेल्यांना सैनिक शोधून परत आणत. १८६४ साली कूस खाडीकडून आणलेल्यांत अमांडा होती, दोन्ही डोळ्यांनी अंध. आठ वर्षांची मुलगी मागे ठेवून तिला निघावं लागलं. या कड्याच्या धारदार दगडांवरून चालताना तिचे पाय इतके फाटले की रक्ताच्या खुणांवरून कुणीही माग काढला असता, अशी नोंद सोबतच्या एका कॉर्पोरलच्या रोजनिशीत आहे. वीस वर्षांत तो राखीव मुलूखही तुकड्यातुकड्याने काढून घेतला गेला.

१९६९ च्या निकालपत्रात न्यायालयाने वहिवाटीचा पुरावा देताना आधी याच लोकांचं नाव घेतलं आहे. पहिले गोरे वसाहतवाले आले तेव्हा मूळ रहिवासी ओल्या वाळूत शिंपले खणत होते आणि कोरड्या वाळूवर चुली मांडत होते. नवे आले त्यांनी तोच प्रघात पुढे चालवला, अशा आशयाचा तो भाग आहे. म्हणजे ज्यांच्या चुलींनी वहिवाट सिद्ध झाली, त्यांना किनाऱ्यावरून हाकलून शतक उलटलं होतं. एवढंच नाही, निकाल लागला त्या वर्षी सिलेट्झ ही इथली जमात सरकारदप्तरी अस्तित्वातच नव्हती. १९५४ च्या कायद्याने तिची मान्यता काढली होती, ती १९७७ मध्ये परत मिळाली. कॅनन बीचला हात-पाय पसरून जेवलेला भात मला त्या पायवाटेवर आठवला. कायदा चांगलाच आहे, आजही मला तो या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा पूल वाटतो. पण त्याचा पहिला खांब कुणाच्या जागेत रोवलेला आहे, ते तिथे लिहिलेलं असायला हवं. त्या पायवाटेच्या नावात ते थोडंफार लिहिलं आहे.

हेसेटा हेडच्या दीपगृहाचा दिवा १८९४ पासून जळतो आहे. त्याच्या जवळचा केप क्रीकवरचा दुमजली कमानींचा पूल मॅकलॉचाच, त्यामुळे दिवा मी बघितला, पूल ह्यांनी. तिथून डोंगर सरतो आणि फ्लॉरेन्सपासून पुढे सुमारे ४० मैल वाळूच्या टेकड्या लागतात. १९५० च्या दशकात या सरकत्या वाळूला गवत लावून बांधायचा सरकारी प्रयोग चालला होता. त्यावर लेख लिहायला आलेल्या फ्रँक हर्बर्टला ‘ड्यून’ कादंबरीचं बीज इथे मिळालं. ते गवत आता इतकं माजलं आहे की वाळू मोकळी ठेवण्यासाठी ते उपटावं लागतं.

फ्लॉरेन्सची दुसरी गोष्ट हे आयुष्यभर सांगणार आहेत. नोव्हेंबर १९७० मध्ये इथे ४५ फुटी देवमासा मरून किनाऱ्याला लागला. किनारे तेव्हा महामार्ग खात्याच्या अखत्यारीत होते, तेव्हा तो मासा रस्ता खात्याच्या गळ्यात पडला. पुरला तर उघडा पडेल, जाळता येणार नाही, म्हणून साहेबांनी तो सुरुंगाने उडवायचं ठरवलं. तुकडे होतील, ते समुद्रपक्षी खातील. अर्धा टन डायनामाइट लावला. तुकडे झाले, पण ते लोकांवर पडायला लागले. दूर उभ्या केलेल्या एका गाडीचं छत चेपलं आणि माशाचा बराच भाग जागेवरच राहिला. पक्षी घाबरून आलेच नाहीत. दूरदर्शनचा कॅमेरा हजर होता. गावाने २०२० मध्ये एका उद्यानाला त्या देवमाशाचं नाव दिलं. हे नदीकाठच्या त्या उद्यानात हसत हसत बाकावर बसले. “अंदाजपत्रकात ‘संकीर्ण’खाली टाकलं असणार,” म्हणाले.

कूस बेचा मोठा पूल मॅकलॉच्या मृत्यूनंतर त्याच्याच नावाचा झाला. बँडनच्या काळ्या खडकांपाशी आणि केप ब्लँकोच्या वाऱ्यात आम्ही फक्त थांबत गेलो. गोल्ड बीचला रोग नदीवरच्या कमानी बघायला ह्यांनी सकाळचा चहादेखील घेतला नाही. १९३२ चा हा पूल. कमानीचं काँक्रीट ओतल्यावर जॅकने दाब देऊन तिला आधीच सावरून धरायची फ्रेंच अभियंता फ्रेसिनेची रीत अमेरिकेत पहिल्यांदा इथे वापरली गेली. पुढचे १२ मैल सॅम्युअल बोर्डमनचे. राज्याच्या उद्यानांचा हा पहिला अधीक्षक. १९२९ पासून निवृत्त होईपर्यंत मालकांशी घासाघीस करून त्याने कडे, गुहा आणि रान तुकड्यातुकड्याने सरकारजमा केलं. इथला थॉमस क्रीकचा पूल ३४५ फूट उंच आहे. वरून जाताना कळत नाही, खाली रानात उतरून बघावं लागतं. आम्ही दोघंही उतरलो, हे वर बघत आणि मी खाली बघत.

ब्रुकिंग्जजवळ चेटको नदीकाठी मर्टलचं बन आहे. गळून पडलेलं पान चुरगाळलं आणि नाकाला लावलं तर तमालपत्राचा घमघमाट, पण दहापट उग्र. कूळ एकच. याच गावामागच्या डोंगरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीतून उडालेल्या छोट्या विमानाने आगीचे बॉम्ब टाकले. रान पेटवायचा बेत होता. रान ओलं होतं, वनरक्षकांनी आग विझवली. वैमानिक नोबुओ फुजिता १९६२ मध्ये गावाच्या निमंत्रणावरून परत आला आणि घराण्यातली चारशे वर्षं जुनी तलवार गावाला देऊन गेला. ती गावच्या वाचनालयात आहे, पुस्तकं आणायला आलेल्या पोरांना सहज दिसेल अशी. तो पुन्हा पुन्हा येत राहिला. १९९२ मध्ये बॉम्ब पडला त्या जागी त्याने रेडवूडचं रोप लावलं. वहिवाट अशीही पडते.

लेकीचा फोन आला. इथून आतल्या द्रुतगती मार्गाने परत या, संध्याकाळी जेवायला घरी, असा तिचा हिशेब. ह्यांनी नकाशा बघितला, मग माझ्याकडे. मी त्यांना सांगितलं की दक्षिणेकडे येताना माझ्या खिडकीत सगळा वेळ समुद्र होता. उत्तरेकडे जाताना माझ्या बाजूला डोंगर येईल, म्हणजे झाडं. शिवाय मॅकलॉचे पूल ह्यांनी एकाच बाजूने पाहिलेत. लेकीला जेवायला थांबू नको असं कळवलं आणि गाडी पुन्हा गोल्ड बीचच्या दिशेला वळवली.